आईचा खांदा बदलायचा आहे (रिव्हर्स शोल्डर), नंतरचं रोजचं जगणं कसं असतं?

रानजाई | १२ जून, रात्री ९:४०

मंडळी, आई ७२ वर्षांची, राहते सिन्नरला, मी नाशकात. चार वर्षं तिचा एक खांदा दुखतोय. आधी आम्ही फ्रोझन शोल्डर समजून शेक, तेल, शेजारच्या काकूंनी सांगितलेली पोटली, सगळं करून झालं. आता एमआरआय केला तर डॉक्टर म्हणतात खांद्याभोवतीचे स्नायू फार आधीच फाटलेत, शिवायच्या पलीकडे गेलेत, त्यामुळे दंडाचं हाड वर सरकून सांधाच घासला गेलाय. उपाय रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट. हात पुढून छातीच्या वर जातच नाही. रात्री त्या कुशीवर वळली की कळवळून उठते आणि मग बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन पहाटेपर्यंत बसते, हे मला बाबांनी सांगितलं, ती स्वतः कधी बोलली नाही.

गुडघा बदललेली माणसं आमच्या गल्लीत पाच आहेत, खांदा बदललेलं एकही माहीत नाही. डॉक्टर चांगले आहेत पण त्यांच्याकडे वेळ दहा मिनिटं. करावी का? केल्यावर काय काय बिघडू शकतं? ज्यांच्या घरात झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दत्तूमामा | १२ जून, रात्री १०:०५

कराच. आमच्या थोरल्या वहिनींची साताऱ्यात झाली, तीन वर्षं झाली. वेणी स्वतः घालतात आता. रात्रीची झोप परत आली हीच मोठी गोष्ट.

कोयनाकाठ | १२ जून, रात्री ११:३०

मामा, तुमच्या वहिनींचं छान झालं, पण "कराच" असं एका ओळीत सांगू नका हो. आमच्या घरात दोन वर्षं गेली यात. उद्या सवडीने लिहितो.

यंत्रविशारद | १३ जून, सकाळी ७:१५

आधी रिव्हर्स म्हणजे काय ते सांगतो, कारण मला स्वतःला हे कळल्यावर बाकीचं कळलं. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. खुब्यात खरंच खोल उखळ असते. खांद्यात मात्र उखळ नावालाच, बशीवर लिंबू ठेवावं तसं दंडाचं डोकं फऱ्याच्या हाडावर टेकलेलं असतं आणि ते तिथं धरून ठेवतात आजूबाजूचे चार छोटे स्नायू. ते फाटले की लिंबू घरंगळतं. साधा सांधा बसवला, म्हणजे जिथे गोळा होता तिथे गोळा आणि जिथे बशी होती तिथे बशी, तर तोही घरंगळणारच, धरणारं कुणी नाही. म्हणून फ्रान्समध्ये दिजाँ गावच्या पॉल ग्रॅमाँ यांनी १९८५ मध्ये उलटं केलं, गोळा फऱ्याच्या हाडावर स्क्रूने बसवला आणि वाटी दंडाच्या हाडात. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू खाली आणि आत सरकतो, आणि खांद्यावरचा जो मोठा डेल्टॉइड स्नायू आहे त्याला लांब तरफ मिळते. फाटलेल्या चौघांचं काम तो एकटा उचलतो. यातली ग्यानबाची मेख एवढीच की डेल्टॉइड आणि त्याची नस शाबूत पाहिजे, नाहीतर सगळं व्यर्थ.

निनाद | १३ जून, सकाळी ८:०२

विशारद, खूप छान समजावलंत. थोडं मागचं, पहिला कृत्रिम खांदा १८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ नावाच्या सर्जनने बसवला. पेशंट ३७ वर्षांचा पाववाला, खांद्याला क्षय झालेला. प्लॅटिनमचा दांडा आणि रबराचा गोळा, आणि तो बनवून दिला होता एका दंतवैद्याने! दोनेक वर्षांनी काढावा लागला, जंतुसंसर्गामुळे. तेव्हाही तोच शत्रू होता.

कोयनाकाठ | १३ जून, दुपारी २:४०

निनादने शत्रू म्हटलं तिथूनच सुरू करतो.

वडील ६८ वर्षांचे, शुगर पंधरा वर्षं. उजवा खांदा बदलला. पहिले आठ-नऊ महिने सुरेख. हात डोक्याच्या वर जायचा, फडताळातला वरचा डबा काढून दाखवायचे आल्यागेल्याला. मग हळूहळू दुखायला लागलं. ताप नाही, लाली नाही, टाका उसवलेला नाही, पू नाही. रक्त तपासलं, सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारा घटक) नॉर्मल. आम्हाला सांगितलं व्यायाम कमी पडतोय. मी स्वतः त्यांना रागावलो की तुम्ही व्यायाम करत नाही, आणि ते बिचारे दुखऱ्या हाताने दोरी ओढत बसायचे. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

सहा महिने असे गेल्यावर दुसऱ्या गावच्या सर्जनला दाखवलं. त्यांनी सांध्यातलं पाणी काढलं आणि लॅबला स्वतः फोन करून सांगितलं की जंतू उगवायला ठेवलेली प्लेट चौदा दिवस फेकू नका. नेहमीच्या तपासणीत पाचव्या दिवशी "काही उगवलं नाही" म्हणून रिपोर्ट देतात. आमचा जंतू नवव्या दिवशी उगवला. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नाव त्याचं, मुरुमाच्या पुटकुळ्यांत असतो तोच. खांदा, पाठ, काख इथल्या तेलग्रंथींत तो सगळ्यांच्याच असतो, पुरुषांत जास्त, आणि एकदा धातूवर जाऊन बसला की गपचूप बसून राहतो, ना ताप ना सूज, फक्त दुखणं आणि सांधा आखडत जाणं.

मग सांधा काढला, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवला, अनेक आठवडे औषधं, मग पुन्हा नवीन सांधा. आज दुखत नाही पण हात खांद्याच्या वर जात नाही. तक्रार यश-अपयशाची नाही, ऑपरेशन म्हटलं की धोका आलाच. तक्रार ही की सहा महिने कुणी शंका घेतली नाही. रानजाई, आईचं करा, पण चांगला झालेला खांदा पुन्हा दुखायला लागला तर "रिपोर्ट नॉर्मल आहेत" यावर थांबू नका.

मोगरा | १३ जून, दुपारी ३:१०

वाचून अंगावर काटा आला. काकांना नमस्कार सांगा.

आमचा अनुभव छोटा पण घाबरवणारा. मावशीला ऑपरेशन झाल्यावर खोलीत आणलं तर आवाज घोगरा, त्या बाजूची पापणी अर्धी खाली आणि दम लागतोय म्हणत होती. आम्हाला वाटलं लकवा मारला! मावसभाऊ रडायलाच लागला. रात्रभर कुणी झोपलं नाही. सकाळी सगळं आपोआप जागेवर.

आशय_लीड्स | १३ जून, रात्री ८:५५

मोगरा, ते मानेत दिलेल्या नसेच्या भुलीमुळे. मी भूलतज्ज्ञ आहे म्हणून सांगतो, खांद्याकडे जाणाऱ्या नसा मानेत जिथे बधिर करतात तिथेच श्वासपटलाची नस शेजारून जाते, ती अर्धा-एक दिवस झोपते म्हणून दम लागल्यासारखं वाटतं. पापणी आणि आवाजाचंही तसंच. हे आदल्या दिवशी नातेवाइकांना सांगायलाच हवं, मी न चुकता सांगतो. रानजाई, आईला दमा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, मग भुलीची जागा किंवा मात्रा बदलता येते.

आणि एक. उतारवयात खांद्याचं हाड मोडलं की लगेच ऑपरेशन हवंच असं नाही. इथे ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर प्रोफर नावाची चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली, हाड सरकलेलं असूनही ऑपरेशन केलेले आणि नुसता हात गळ्यात बांधलेले दोघांची स्थिती दोन वर्षांनी सारखीच निघाली. तेव्हा घाई नको.

यंत्रविशारद | १३ जून, रात्री ९:२०

आशय, पण रानजाईच्या आईचं हाड मोडलेलं नाही, सांधा झिजलाय आणि स्नायू गेलेत. ती चाचणी इथे कशी लागू होईल?

आशय_लीड्स | १३ जून, रात्री ९:३१

बरोबर, लागू होत नाही. मोडलेल्या खांद्यासाठी इथे कुणी येऊन वाचेल म्हणून लिहिलं. झिजलेल्या सांध्याच्या वेदनेवर रिव्हर्सचा गुण चांगला येतो. टिकण्याचं म्हणाल तर दहा वर्षांनी दहापैकी नऊहून जास्त खांदे जागेवर असतात.

मुक्ता_फिजिओ | १४ जून, सकाळी ६:५०

रानजाई, सगळं वाचलं. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत, ज्या तुला अजून कुणी विचारल्या नाहीत. खांदा डावा की उजवा? आणि आई नेसते काय?

रानजाई | १४ जून, सकाळी ९:१२

डावा. उजवा नाही म्हणून आम्ही त्यातल्या त्यात निवांत होतो. आणि नऊवारी, कायम. पाचवारी तिने फक्त माझ्या लग्नात माझ्या हट्टाने नेसली होती. पण याचा काय संबंध?

मुक्ता_फिजिओ | १४ जून, रात्री १०:२५

संबंध फार आहे ग, म्हणून जरा मोठं लिहिते.

रिव्हर्सने हात पुढून आणि वर चांगला जातो, सव्वाशे अंशांच्या आसपास, केस विंचरणं, मांडणीवरचा डबा, दोरीवर कपडे टाकणं सगळं जमतं. जे हमखास परत येईल असं सांगता येत नाही ते म्हणजे हात पाठीमागे जाणं. काहींचा कमरेच्या मधोमध पोचतो, काहींचा कुल्ल्यापर्यंतच. परदेशी माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की उजव्याचं ऑपरेशन असेल तर शौचाच्या स्वच्छतेची अडचण येऊ शकते. आपल्याकडे धुतात कुठल्या हाताने? डाव्या. म्हणजे डावा खांदा आपल्या बायकांना जास्त जड जातो, आणि घरचे मात्र "बरं झालं, उजवा नाही" म्हणतात. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, खांदा उत्तम, एक्सरे उत्तम, पण जेवण निम्म्यावर. तीन वेळा आल्या तरी कारण सांगेनात. चौथ्या वेळी सून बाहेर गेल्यावर रडल्या, ज्या हाताने जेवायचं त्याच हाताने धुवावं लागतं म्हणून अन्न जात नव्हतं. सांध्याला मार्कं देणाऱ्या कुठल्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना आहे?

म्हणून ऑपरेशनच्या आधीच महिनाभर घरात बदल करा. बैठा संडास असेल तर कमोड बसवा, सीटखालून पाण्याची धार येणारं जोडसाधन मिळतं ते लावून घ्या, आणि आईला आत्तापासून सवय होऊ दे. ऑपरेशननंतर एक हात गळ्यात असताना नव्याने शिकणं फार लाजिरवाणं वाटतं त्यांना.

आणि काष्टा. तो मागे नेऊन कमरेला घट्ट खोचायला दोन्ही हात पाठीमागे लागतात. डॉक्टरांना हे थेट विचारा, "माझी आई नऊवारी नेसते, काष्टा घालता येईल का". पाठीमागे हात जाणं थोडंफार इम्प्लांट कसा बसवतात यावरही असतं, तेव्हा त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

सुमनताई | १५ जून, सकाळी ११:००

मी ६७ वर्षांची, स्वतः करून घेतलेली, म्हणून लिहिते, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. माझं ऑपरेशन झाल्यावर दोन महिन्यांनी घरी सत्यनारायण होता. सगळे म्हणाले खुर्चीवर बसा, मी म्हटलं पूजेला खुर्चीवर कशी बसू, पाटावर बसले. आरतीला उठताना त्या हाताचा तळवा पाठीमागे जमिनीवर टेकला आणि रेटा दिला. खट्ट आवाज झाला. खांद्याचा गोलवा जाऊन पुढे टेंगूळ आलं आणि हात माझा नाहीच असा लोंबायला लागला. पुन्हा भूल देऊन बसवला, पुन्हा सहा आठवडे गळ्यात. डॉक्टर म्हणाले हात मागे, अंगाला चिकटलेला आणि वर भार, हीच निखळण्याची जागा. हे मला आधी कागदावर दिलेलं होतं बहुतेक, पण कागद इंग्रजीत होता. रानजाई बाळा, आईला तोंडाने, करून दाखवून सांग.

मुक्ता_फिजिओ | १५ जून, दुपारी १:१५

सुमनताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी पेशंटना एकच वाक्य पाठ करायला लावते: "माझं कोपर मला दिसलं पाहिजे." कोपर दिसेनासं झालं म्हणजे हात मागे गेला. झोपतानाही दंडाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे कोपर गादीत मागे बुडत नाही.

जुना_खोडवा | १५ जून, रात्री ९:४५

आमच्या आत्याचं वेगळंच. चार महिन्यांनी एकदम बरं वाटलं म्हणून हंड्यानं पाणी भरायला लागली, खांद्याच्या टोकावर बोट ठेवून दुखतंय म्हणाली. हाडाला वरच्या टोकाला बारीक चीर. डेल्टॉइडवर सगळा ताण येतो आणि हाडं ठिसूळ, म्हणून. परत विश्रांती, हाडाची इंजेक्शनं. ऑपरेशनच्या आधी हाडाची घनता तपासून घ्या एवढं सांगेन.

आणि पैशाचं कुणीच लिहिलं नाही. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली, ती गुडघ्यापुरती होती. खांद्याच्या इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, विम्यावाल्यांकडून आधी मंजुरी घ्या. आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत ना बघा, त्यांचे फोटो काढून ठेवा. आत्याचं पुढे उघडायची वेळ आली नाही, पण आली असती तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांचे पाने-स्क्रूड्रायव्हरसुद्धा वेगवेगळे असतात.

रानजाई | १६ जून, रात्री ८:३०

सगळ्यांचे किती आभार मानू. आई आणि बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. मुक्ताताईंचा प्रतिसाद वाचताना आई उठून आत गेली आणि मला वाटलं दुखावली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "ह्या बाईंना कसं कळलं मला कशाची भीती वाटते ते." चार महिने "नको, बघू नंतर" म्हणत होती त्याचं कारण हे होतं, मरणाची भीती नव्हतीच.

एक राहिलं, २८ मेला दुखणं थांबावं म्हणून सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलंय. ऑपरेशनची तारीख ५ जुलै. चालेल का?

आशय_लीड्स | १६ जून, रात्री ८:५२

नाही चालणार असं माझं मत, पण तुमच्या सर्जनशी आजच बोला. इंजेक्शननंतर सहसा तीन महिने थांबतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून. त्यांना इंजेक्शन माहीत आहे का, की दुसरीकडे घेतलं?

रानजाई | १६ जून, रात्री ९:०४

दुसरीकडे घेतलं, सिन्नरलाच. यांना सांगितलंच नाही, कुणी विचारलं नाही म्हणून.

रानजाई | १८ जून, दुपारी ४:२०

डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, सप्टेंबरअखेर. म्हणाले सांगितलंत ते बरं केलंत. शुगर आणि हाडांची तपासणीही करून घेतोय. काष्ट्याचं आईने स्वतः विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले असं मला पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि खरं सांगितलं की दुखणं जाईल असं मी खात्रीने म्हणतो, काष्ट्याची खात्री देत नाही. आई म्हणाली मग करा.

कोयनाकाठ | १८ जून, संध्याकाळी ६:००

हे ऐकून फार बरं वाटलं. ऑपरेशनच्या आधी काही दिवस खांदा-काख बेंझॉइल पेरॉक्साइडने धुवायला देतात का विचारा. मुरुमावरचं औषध, त्या जंतूवर त्याचा गुण येतो. वडिलांच्या दुसऱ्या वेळी दिलं होतं.

दत्तूमामा | १८ जून, रात्री ९:१०

बहात्तराव्या वर्षी आईंना मुरुमाचं मलम! लावा लावा, चेहऱ्यावरही तेज येईल. आणि हो, कोयनाकाठ, माझी ती एक ओळ मी मागे घेतो. वहिनींना काल मुद्दाम फोन करून विचारलं, पाठीमागे हात जातो का. म्हणाल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलंत भावोजी. नाही जात.

रानजाई | २१ एप्रिल, सकाळी १०:३५

मंडळी, धागा वर काढतेय. २६ सप्टेंबरला ऑपरेशन झालं, जवळपास सात महिने झाले. भुलीनंतर पापणी पडली तेव्हा बाबा घाबरले पण मी मोगराचं वाचलेलं असल्यामुळे शांत होते. पहिले तीन आठवडे वाईट गेले, बसूनच झोपायची. करंगळीला मुंग्या होत्या, त्या दोन महिन्यांनी गेल्या. दिवाळीत हात गळ्यातून काढला होता, पण कोपर दिसलं पाहिजे म्हणत स्वतःलाच ओरडायची.

आता दुखत नाही. सगळ्यात आधी मला बाबांनी सांगितलं, रात्री जपमाळ खुंटीवरच असते. हात पुढून कानापर्यंत येतो. डावा तळवा मागे नेला तर कुल्ल्यापर्यंत, त्यापुढे नाही. कमोडची सवय जूनपासूनच केली होती त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही तिला.

काष्टा सहा महिने बाबा खोचून द्यायचे. ५० वर्षांच्या संसारात त्यांनी कधी साडीला हात लावला नव्हता, पहिल्या दिवशी इतका घट्ट खोचला की तिला चालता येईना. मी शिवलेली नऊवारी आणून दिली, ती तशीच घडी घालून कपाटात आहे. गेल्या रविवारी मी गेले तर खोलीचं दार लावलेलं. बाहेर आली ती स्वतः नेसून. पलंगाच्या कडेला कुल्ला टेकवून काष्टा दाबून धरते आणि उजव्या हाताने खोचते, तीन प्रयत्न लागतात. थोडा डावीकडे कललेला असतो.

सुमनताई | २१ एप्रिल, सकाळी ११:२०

असू दे कललेला. मी पण पलंगाचं करून बघते.

अबोली_परभणी | २१ एप्रिल, दुपारी १२:४८

नवीन आहे इथे. सासूबाईंची तारीख पुढच्या महिन्यात आहे, डावाच. सगळा धागा वाचला. ते सीटखाली लावायचं पाण्याचं जोडसाधन जुन्या कमोडला बसतं का?

रानजाई | २१ एप्रिल, दुपारी १:०५

बसतं. सीटचे दोन बोल्ट काढून मधे बसवायचं, प्लंबरने अर्ध्या तासात लावलं. धार कमी ठेवा सुरुवातीला, आणि सासूबाईंनी मधे कुठे इंजेक्शन घेतलंय का ते आज विचारा.